पाण्याखालची खंडेनवमी

१

दसऱ्याच्या दिवशी सकाळी वकिलाच्या दारात कुणी येत नाही. आलंच तर समजावं, सोनं द्यायला नव्हे, डोकं खायला आलंय. माझ्याकडं मात्र माणूस न येता फोन आला. कॅप्टन राघवेंद्र बोलत होते. नौदलात पाणबुड्या म्हणून जन्म घालवलेला माणूस, बोलायचं म्हणजे हुकूमच सोडायचे.

"वकीलबाई, ताबडतोब खाणीवर या. काल दुपारी टाकीत अपघात झाला. योगिता बेशुद्ध पडली होती. आता बरी आहे."

"आणि सावनी?" मी विचारलं.

"ती ठणठणीत आहे. तोच तर प्रश्न आहे. तिनंच हवा बंद केली."

मी पायात चप्पल अडकवली आणि स्कूटी काढली. धारवाडच्या मळमड्डीतनं बाहेर पडून अळणावर रस्त्याला लागेपर्यंत माझ्या मनात एकच घोळत होतं. सावनी? हवा बंद केली? अय्यो, या पोरीला मी पाळण्यात बघितलंय. तिची आई, चंद्रभागा, माझी जिवाभावाची मैत्रीण. ती गेल्यावर या मुलीला दर शनिवारी माझ्याच घरी पोळी असायची.

टाकी म्हणजे काय ते सांगते. पाण्यानं भरलेल्या एका जुन्या दगडखाणीच्या तळाशी आमच्या संस्थेनं लोखंडी घर बसवलं होतं. त्याच्या जमिनीला भोक, तरी पाणी आत शिरत नाही. पेला उपडा करून बादलीत दाबा, समजेल. अंतराळात जाणाऱ्यांना कोंडून राहायची, एकमेकांचं तोंड बघत दिवस काढायची सवय लागावी म्हणून जगात अशा पाण्याखालच्या घरांत त्यांचा सराव घेतात. आमचं हे त्याचं गरिबाघरचं रूप. सावनी आणि योगिता आठवडाभर खाली होत्या. दोघींपैकी एकीला परदेशातल्या मोठ्या समुद्रघरात सरावाला पाठवायचं होतं. जागा एकच. नाव दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं, आणि काल सकाळपर्यंत ते नाव सावनीचं होतं.

"आणि आज?" मी खाणीवर पोचताच विचारलं.

कॅप्टननी पाण्याकडं बघितलं. दोघी अजून खालीच होत्या. इतके दिवस दाबाखाली राहिलेल्या माणसाला झटकन वर काढता येत नाही. गोळीसोड्याची गोळी दाबली की जसा फेस येतो, तशी रक्तात मुरलेली हवा फसफसते. म्हणून भोकाला झाकण लावून टाकीतला दाब रात्रभर थोडा थोडा उतरवत आणला होता. दोघी संध्याकाळी वर येणार होत्या.

"सावनी वर आली की मी तिला सांगणार," कॅप्टन म्हणाले, "की तिचं नाव काढलंय. तुम्ही संस्थेच्या वकील आहात. काही चुकत असेल तर संध्याकाळच्या आत दाखवून द्या."

२

कॅप्टनची बाजू सरळ होती, आणि तेच मला टोचत होतं.

काल खंडेनवमी. दुपारी जेवणाच्या सुमाराला खालून धोक्याची घंटा वाजली. योगिता पडली होती. वरून जाणारी हवा सावनीनं चाकी फिरवून बंद केली होती आणि टाकीतले राखीव सिलिंडर उघडले होते. शुद्धीवर आल्यावर योगिताला आठवत होतं ते एवढंच: सावनी चाकी फिरवतेय, आणि मग अंधार.

"हवेचा पंप मी स्वतः तपासला," कॅप्टन म्हणाले. "विजेवर चालतो, धूर त्याचा नाही. काल वीज गेली नाही, त्यामुळं डिझेलचं जनित्रही सुरू केलं नव्हतं. तासाभरानं मी हवेला काचनळी लावली. विषारी वायू असेल तर नळीचा रंग बदलतो. बदलला नाही. हवा स्वच्छ. म्हणजे पोरगी घाबरली, हवा तोडली, तिच्यामुळं दुसरी गुदमरली, आणि मग सारवासारव म्हणून सिलिंडर उघडले."

"आणि ती काय म्हणते?"

"तुम्हीच विचारा." त्यांनी फोन माझ्या हातात दिला. टाकीशी बोलायला खाणीच्या काठावर, मांडवात, एक फोन होता.

"मावशी?" सावनीचा आवाज पत्र्याच्या डब्यातनं यावा तसा आला. "मी घाबरले नव्हते गं. माझं डोकं दुखत होतं. मी रोज मनातल्या मनात औटकी म्हणते. साडेतिनाचा पाढा, अप्पांनी शिकवलेला. काल औट सातेला अडकले. औट साते किती ते येईना! लहानपणापासून तोंडपाठ असलेलं येत नाही म्हणजे डोक्यात काहीतरी जातंय, हे मला कळलं. योगिताला नाव विचारलं, ती नुसतीच हसली. आणि पडली. ती पडल्यावर, तिचे डोळे अजून उघडे असताना, मी चाकी फिरवली. आधी नाही."

"हवेला वास होता का?"

"कसला वास येणार? मधे कोळशाची गाळणी आहे, ती सगळे वास खाते. परवा पंपवाले मारुतीअण्णा पंपाशेजारी बिडी ओढत होते म्हणून कॅप्टननी त्यांची खरडपट्टी काढली. आम्हाला खाली पत्ताही नव्हता. मावशी, ही जागा गेली तर मला पुन्हा मिळणार नाही. वयाची अट आहे. पण त्यापेक्षा वाईट काय माहितेय? मी योगिताला गुदमरवलं असं सगळे म्हणणार. जन्मभर."

मी फोन ठेवला. कुंपणाकडं निघाले.

कुंपणाबाहेर एक जुनी स्कूटर उभी होती. ती मी शंभरात ओळखीन. सावनीचे वडील संजीव, आमच्या धारवाडचे गणिताचे मास्तर, सकाळपासून बाभळीखाली उकिडवे बसून होते. स्कूटरच्या दिव्यावर तीन ठिपके होते, वर दोन, खाली एक, खालचा जरा ओढलेला. कुंकू तेलात कालवून चंद्रानं लावलेले, तिच्या शेवटच्या खंडेनवमीचे. संजीव देवाधर्माचं नाव काढलं की टिंगल करणारा माणूस. पण गाडी पुसताना ती जागा सोडून पुसायचा.

"संजीव, काही खाल्लंस का?"

"मला काय होतंय." त्यानं मान वर केली नाही. पांढऱ्या शर्टाच्या बाहीला वाटाण्याएवढं भोक पडलं होतं, कडा तपकिरी.

"हे काय?"

"इस्त्री लागली." त्यानं बाही दुमडली. "श्रीलक्ष्मी, ती करेल का गं असं? तू सांग."

"नाही करणार," मी म्हटलं. पण कोर्टात एवढ्यावर कुणी जामीनसुद्धा देत नाही, हे मला माहीत होतं.

३

वरून गेलेल्या हवेत काहीतरी होतं आणि तासाभरात ते नाहीसं झालं, असं धरून चालले. मग पंप जिथनं हवा ओढतो ती जागा बघायला हवी.

पंप एका दगडी खोलीत होता. दाराला झेंडूचं तोरण. कॅप्टननी कुंपणाच्या आत निरांजन सोडा, उदबत्तीसुद्धा लावायला बंदी केली होती. फुलं मात्र चालतील म्हणाले होते. पंप चालवणारा मारुती दारापासून दोन हात लांब उभा होता. अळणावरकडच्या एका खेड्यातला, पन्नाशीचा, अबोल माणूस.

"मारुती, हवा कुठनं ओढतो हा?"

"मागनं, अक्का. खोलीच्या मागं नळी आहे. पण तिकडं जाऊ नका, अडचण आहे." आणि तो पटकन पुढं आला, माझ्या वाटेत.

"का रे? साप आहे का?"

"हौदु, हो... म्हणजे असंल."

साप नव्हता, हे त्याच्या तोंडावरच लिहिलं होतं. खोलीची मागची भिंत आणि खाणीचा कडा यांच्यात जेमतेम माणूस आडवा शिरेल एवढी फट. कॅप्टनचं पोट बघता ते तिथं गेले नसणार. मी पदर खोचला आणि शिरले.

आत वारा नाही. वर पत्र्याची वळचण, बाजूला कडा. कंबरेच्या उंचीवर नळीचं तोंड, त्यावर उपडं टोपण. देवाचा कोनाडाच जणू! टोपणाखालची भिंत काळवंडली होती. खाली पायानं फिसकटलेली राख. चिमटीत धरून बघितली, पांढरी, हलकी. करवंटीचे निखारे असे जळतात.

आमच्या गल्लीत एका थंडीत शेगडी पेटवून दारं लावून झोपलेलं घर मी बघितलंय. वास नाही, धूर नाही. सकाळी माणसंच उठली नाहीत. कुणीतरी पंपाच्या तोंडाशी निखारे ठेवले होते, आणि पंपानं ते विष इमानदारीनं खाली सावनीच्या नाकापर्यंत पोचवलं होतं.

मी बाहेर आले तेव्हा मारुतीशेजारी उमेश उभा होता. उमेश म्हणजे राखीव उमेदवार. सावनीचं नाव गेलं आणि योगिता आजारी, तर ती जागा त्याची. आणि उमेशच्या बुटाच्या शिवणीत पांढरी राख होती.

४

"बोला आता," मी म्हटलं. "दोघांपैकी कोण आधी बोलतंय?"

दोघं एकमेकांकडं चोरून बघत होते. माझं डोकं तापलं. वर ऊन, खाली पोरगी, आणि हे दोघं मुके!

"उमेश, तू काल मागं गेला होतास."

"हो, मॅडम." तो खाली बघून म्हणाला. "घंटा वाजल्यावर कॅप्टननी मागचं बघून यायला सांगितलं. लोखंडी घमेल्यात राख होती. निखारे विझायला आले होते. मी राख फिसकटली, घमेलं झाडीत टाकलं. कॅप्टनना सांगितलं, मागं काही नाही."

"का? जागा मिळेल म्हणून?"

"इल्ल री, नाही!" तो एकदम उसळला. "जागा मला हवी आहे. पण अशी नको. मला वाटलं... मारुतीअण्णांनी पंपाची पूजा केली असणार. आदल्या दिवशीच बिडीवरनं बोलणी बसली होती. कळलं असतं तर नोकरी गेली असती. त्या निखाऱ्यांनी हे झालं असेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. काचनळीनं हवा चांगली दाखवली की!"

मारुती तोंड उघडं टाकून बघत होता. "मी? अरे बाबा, मला वाटलं तूच केलंस. तुला तिथनं बाहेर येताना बघितलं मी. पोराचं आयुष्य जाईल म्हणून गप्प बसलो."

एकानं दुसऱ्याला वाचवायला राख फिसकटली, दुसऱ्यानं पहिल्याला वाचवायला वाट अडवली, आणि या दोघांच्या चांगुलपणात माझी सावनी बुडायला निघाली होती. हसावं की दोघांच्या एकेक लगावून द्यावी, मला कळेना.

"मारुती, तू केलं नाहीस कशावरनं?"

"अक्का, गावाकडं आमची चुलती गोदूबाई वारली. सुतक आहे. यंदा घरी घटसुद्धा बसले नाहीत. मी तोरणाला हात लावला नाही, ते उमेशनं बांधलं. सुतकात पूजा कशी करीन?"

खरंच होतं. एरवी कपाळावर रुपयाएवढं कुंकू असलेल्या माणसाचं कपाळ आज कोरं होतं. दारापासून लांब का उभा होता तेही आता समजलं.

"मग काल कुंपणाच्या आत आणखी कोण आलं होतं?"

उमेशनं डोकं खाजवलं. "सणाचा दिवस म्हणून घरच्यांना फोनवर बोलायला सोडलं होतं. योगिताची आई आली, तिला मी हाताला धरून आणलं आणि नेलं. गुडघे दुखतात त्यांचे. आणि सावनीचे वडील. सर बोलून झाल्यावर म्हणाले, जरा चक्कर मारून येतो. पिशवी होती हातात. पण सर? ते तर पूजा बघितली की तोंड फिरवतात."

मी पुन्हा त्या फटीत शिरले. मघाशी मी खाली राखेकडं बघत होते. आता टोपणाकडं बघितलं.

लोखंडावर, काजळीच्या खाली, तीन ठिपके होते. वर दोन. खाली एक, जरा ओढलेला.

५

बाभळीखाली मी संजीवच्या शेजारी जमिनीवरच बसले.

"संजीव, चंद्रा खंडेनवमीला काय करायची रे?"

त्याचं तोंड पडलं. "का?"

"सांग तर."

"शिलाई मशीन, माझी स्कूटर, घरातली कात्री... सगळ्यांना ठिपके. करवंट्या पेटवून वर ऊद घालायची आणि प्रत्येकाखाली धरायची. मी हसायचो. म्हणायची, जे आपल्याला पोसतं त्याला वर्षातनं एकदा तरी ओवाळावं." त्यानं माझ्याकडं वळून बघितलं. "तू बघितलंस वाटतं मागं."

"बघितलं."

"कुणाला सांगू नकोस. लोक हसतील, मास्तर म्हातारपणी नमला म्हणून. पण पोरीचा प्रत्येक श्वास त्या पंपातनं जात होता गं. चंद्रा असती तर तिनं केलं असतं. ती नाही, म्हणून मी केलं. कॅप्टनना दिसू नये, वाऱ्यानं विझू नये, म्हणून मागं ठेवलं." त्यानं दुमडलेली बाही उलगडली. "फुंकताना ठिणगी उडाली."

देवा, हे मी कसं सांगू? सांगितलं. सरळच सांगितलं, कारण वळसे घ्यायला वेळ नव्हता. मागं म्हणजे नेमकं कुठं, आणि त्या कोनाड्यातनं कोण श्वास घेतं, तेही सांगितलं.

गणिताचा माणूस. शेवटपर्यंत मांडून दाखवायची गरज पडली नाही. मधेच त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. रडला नाही. त्याला रडताच येईना.

"म्हणजे मी तिला..." एवढंच म्हणाला.

"तू गप्प राहिलास तर कॅप्टन म्हणतील, काल मागं काही नाही म्हणालेला उमेश आज गोष्ट बदलतोय. कधी पेटवलं, किती पेटवलं, हे तुझ्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. आणि सांगितलंस तर सावनीला कळणार, कुणामुळं झालं ते."

संजीव उठला. धोतराची माती झाडली नाही, चपला घातल्या नाहीत. तसाच अनवाणी मांडवात जाऊन कॅप्टनसमोर उभा राहिला आणि वर्गात धडा म्हणावा तसं सगळं म्हणून दाखवलं.

कॅप्टन म्हणाले, पुन्हा पेटवून दाखवा. टाकीला सिलिंडरची हवा चालूच होती, त्यामुळं पंप मोकळा होता. उमेशनं झाडीतनं घमेलं आणलं, संजीवनं तेवढ्याच करवंट्या त्याच जागी पेटवल्या. पंप सुरू झाला. हवा बाहेर पडते तिथं कॅप्टननी काचनळी धरली. आम्ही सगळे नळीकडं बघत होतो. आधी काही नाही. मग नळीच्या टोकाला काळसर छटा आली, आणि ती सरकत सरकत थेट वरपर्यंत गेली.

"वास?" कॅप्टननी विचारलं.

मारुतीनं नाक लावलं. "काही नाही साहेब."

कॅप्टननी फोन उचलला. "सावनी. औट साते किती?"

"साडेचोवीस, सर." आवाज गोंधळलेला.

"नौदलात मी मोठमोठे गडी बघितले, डोक्यात वायू चढल्यावर तो चढलाय हे स्वतः ओळखणारा एक नाही बघितला. तुझंच नाव कळवतोय." मग त्यांनी फोन संजीवपुढं धरला. "हे तुम्ही सांगायचं, मास्तर. मी नाही. आणि यापुढं तुम्ही कुंपणाच्या आत पाऊल टाकायचं नाही."

संजीव फोनवर काय बोलला ते मी ऐकलं नाही. मी मुद्दाम लांब गेले. परत आले तेव्हा फोन जागेवर होता आणि तो कुंपणाबाहेर, बाभळीखाली, पाठ करून बसला होता.

दिवस कलताना दोघी वर आल्या. योगितानं सावनीचा दंड घट्ट धरला होता. तिची आई दोघींना आलटून पालटून कुरवाळत होती. मारुती लांबनंच हात जोडून हसत होता. उमेशनं बन्नीची, म्हणजे शमीची, पानं वाटली. "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण," बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू या, म्हणत सावनीनं कॅप्टनना पान दिलं, मला दिलं, आणि एक पान मुठीत ठेवून ती कुंपणाकडं गेली. मीही मागोमाग गेले. माझ्यानं राहवेना.

"अप्पा."

तो उठला, पण पुढं येईना. "येऊ नकोस. मी तुझा जीव घेत होतो, सावनी."

"औटकी कुणी शिकवली मला?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं? अप्पा, औट साते किती?"

संजीवनं तोंड उघडलं. आयुष्यभर पोरांच्या पाठीत धपाटे घालून ज्यानं तो पाढा घोटून घेतला, त्याला उत्तर येईना. ओठ नुसते हलत होते. सावनी तारेला कपाळ टेकून त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं पानाची मूठ तारेतनं पलीकडं काढली.

"राहू दे. खूप खाली गेलायत तुम्ही. तिथनं एकदम वर यायचं नसतं, त्रास होतो. सावकाश या," ती म्हणाली. "मी इथंच थांबते."